पाच नंबरची लाईन

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली आणि तिथंच थांबली: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड.

"मामाजी, आता सोडा याला," भाचा म्हणाला.

"सोडू कायले? बॅटरी गेली हाये त्याची, जीव नाई गेला."

जऊळका रेल्वे हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं गाव. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. २००८ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला, त्याआधी इथून मीटरगेजच्या गाड्या जायच्या. मामा गावातले निवृत्त शिक्षक. वर्गात आयुष्यभर प्रमाण मराठी बोलले, घरात मात्र निखळ वऱ्हाडी. भाचा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत. भाऊबीजेला आईला माहेरी घेऊन आला होता. अंगणात सोयाबीनची पोती लागली होती आणि माजघरात, जुन्या शिलाई मशीनच्या शेजारी, हा संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला होता.

१९९९ मध्ये अकोल्याहून जुळवून आणलेला. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ लाच अकोल्यापासून वेगळा झाला होता, पण पावतीवर दुकानदारानं सवयीनं 'जि. अकोला' असंच लिहिलं होतं. मामांनी ती पावतीही जपलेली. पेंटियम एमएमएक्स प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि गावातल्या लग्नपत्रिका यावर टाइप झाल्या. आणखी एक काम झालं, आणि भांडण खरं तर त्या कामावरून होतं. मामांनी आपल्या आईच्या, म्हणजे भाच्याच्या आजीच्या, जात्यावरच्या ओव्या या यंत्रात उतरवून घेतल्या होत्या. तिच्या आणि तिच्या सोबतिणींच्या. तीनशेच्या वर फायली. आजी आता नाही. त्या सोबतिणींपैकीही कोणी नाही.

"मला काम ओव्यांशी आहे, डब्याशी नाही," भाच्याची बाजू सरळ होती. "डिस्क काढतो, अडॅप्टर लावून लॅपटॉपला जोडतो, सगळं उतरवून घेतो. अर्ध्या तासात मोकळे. मग हा भंगारात गेला तरी चालेल."

"अन् उतरवलेलं वाचशील कायनं?"

या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर होतं, असं त्याला वाटत होतं.

पहिल्या पायरीवर भाचा बरोबर होता हे सांगितलं पाहिजे. मामांना आधी बॅटरी बदलून यंत्र चालू करायचं होतं. पण डिस्क फिरताना टिक् टिक् आवाज करत होती, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर विंडोज चालू करणं म्हणजे ते सतत त्या डिस्कवर काहीतरी लिहिणार. जुन्या यंत्राला हात लावण्याआधी डिस्कची अक्षर न् अक्षर प्रत काढायची, हा नियम ज्यानं एकदा मोडला तो पुन्हा मोडत नाही. भाच्यानं चाळीस पिनांची पट्टी अलगद सोडवली, यूएसबी अडॅप्टर लावला आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा लॅपटॉपवर घेतली. ४.३ जीबी. आजकाल दोन-तीन सिनेमे एवढ्या जागेत बसतात. काही सेक्टर पुन्हा पुन्हा वाचावे लागले, पण प्रत पूर्ण झाली.

मग त्यानं पहिली फाईल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि चौकोन यांची खिचडी.

"हे फॉन्टचं आहे," तो म्हणाला. "कन्व्हर्टर मिळतात."

"फॉन्टचं तर हायेच. पन फाईलही त्याच प्रोग्रामची हाये. तो प्रोग्राम कुलूप लावल्याबिगर उघडत नाई. अन् कुलूप प्रिंटरच्या पोर्टात बसते. तुह्या लॅपटॉपले हाये का प्रिंटरचं पोर्ट?"

नव्हतं.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण गावोगावच्या डीटीपीवाल्यांच्या यंत्रांत ती पोहोचायला पुढची पंधरा वर्षं लागली. त्याआधी संगणकावर मराठी दिसणं हीच एक करामत होती. पुण्याच्या सी-डॅकनं तर त्यासाठी जिस्ट कार्ड नावाचं वेगळं कार्डच बाजारात आणलं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून ते आलं. संगणकाच्या खाचेत ते बसवलं की डॉसच्या इंग्रजी प्रोग्रामांतही भारतीय लिपी दिसायची. विंडोज आल्यावर फॉन्ट आले, पण कंपनीगणिक अक्षरांचे क्रमांक वेगळे. एकीच्या फॉन्टमध्ये जिथं 'क', तिथं दुसरीच्या फॉन्टमध्ये मात्रा. शिवाय चोरून प्रती निघू नयेत म्हणून अनेक मराठी सॉफ्टवेअरांसोबत काडेपेटीएवढं प्लास्टिकचं कुलूप यायचं. ते प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीला जोडायची. मामांकडे ते कुलूप होतं, सेलोटेप गुंडाळून ठेवलेलं.

म्हणजे डिस्कवर मजकूर सुखरूप होता आणि वाचायची किल्ली मात्र त्या डब्याशीच बांधलेली. भाचा थोडा वेळ गप्प बसला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण फक्त फायली बाहेर काढेपर्यंत."

सीआर २०३२ ही नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी गावातल्या घड्याळाच्या दुकानात मिळाली. मदरबोर्डवरच्या चिमुकल्या स्मृतीत तारीख-वेळ, डिस्कची माहिती आणि यंत्राच्या सगळ्या सेटिंग्ज असतात. त्या स्मृतीचा जीव या बॅटरीत. बॅटरी संपली की यंत्र स्वतःच्याच नोंदींची बेरीज तपासतं, बेरीज जुळत नाही, आणि मग कारखान्यातून निघताना होत्या तशा सेटिंग्ज लावून घेतं. पडद्यावरची ती ओळ एवढंच सांगत होती. नवी बॅटरी घातल्यावर तारीख भरली, डिस्क ओळखली गेली, विंडोजचे ढग पडद्यावर आले. मामांनी प्रोग्राम उघडला.

कुलूप सापडत नाही, असा संदेश आला.

"गेलं कुलूप," भाचा म्हणाला. "पंचवीस वर्षं झाली, त्यातली चिप..."

"थांब जरा. कुलूप गेलं का पोर्ट बदललं, हे आधी पाय."

इथं मामांच्या सवयीचं महत्त्व कळतं. तरुण माणूस वस्तू बिघडली असं धरून चालतो, कारण त्याच्या काळातल्या वस्तूंत आतली जुळणी दिसतच नाही. मामांच्या काळात जुळणी हाच निम्मा संगणक होता. बायॉसच्या, म्हणजे यंत्र सुरू होताच आधी चालणाऱ्या आज्ञावलीच्या, पडद्यावर प्रिंटर पोर्टची चार-पाच रूपं असतात: साधं, ईपीपी, ईसीपी, आणि दोन्ही मिळून. शेवटची रूपं जलद प्रिंटर-स्कॅनरसाठी आली. जुन्या कुलपांपैकी कित्येकांना साध्या पोर्टाचीच भाषा कळायची. बॅटरी संपल्यावर बायॉसनं पोर्ट मूळच्या ईसीपी रूपात नेऊन ठेवलं होतं. मामांनी ते 'नॉर्मल' केलं, पत्ता ३७८, आयआरक्यू ७. यंत्र पुन्हा चालू केलं. प्रोग्राम उघडला.

पहिल्या फाईलचं नाव पडद्यावर मराठीत आलं तेव्हा स्वयंपाकघरातून भाच्याची आई उठून आली आणि खुर्चीच्या मागे उभी राहिली. कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं ती परत आत गेली.

पुढचा पेच भाच्यानंच ओढवून घेतला. तीनशे फायली प्रोग्राममधून एकेक उघडून साध्या मजकुराच्या रूपात साठवायच्या, आणि त्या बाहेर न्यायच्या. फ्लॉपी ड्राइव्ह मेलेली. यूएसबीची जोडणी त्या बोर्डावर होती, पण बाहेर आणणारी पट्टीच दुकानदारानं कधी बसवली नव्हती. भाच्यानं पुण्याहून येताना एक जुनं पीसीआय लॅन कार्ड आणलं होतं. ते बसवलं, यंत्र सुरू केलं, आणि विंडोज अर्ध्यावर गोठलं. तीनदा तसंच. सेफ मोडमध्ये नेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड कार्डावर पिवळं उद्गारचिन्ह.

"साउंड कार्ड काढून टाकू," भाचा म्हणाला. "आवाजाचं काय काम?"

"अन् तुह्यं कार्ड काहून नाई काढायचं? ते तर आज आलं. हे इथं सव्वीस वर्षांपासून हाये."

"मामाजी, हा काही घराच्या वाटणीचा वाद नाही."

"वाटनीचाच हाये."

मामा बरोबर बोलले होते. हा वाद वाटणीचाच होता, फक्त वाटून घ्यायची गोष्ट आयआरक्यू नावाची होती. एखाद्या कार्डाला प्रोसेसरचं लक्ष हवं असेल तर ते एका ठरावीक तारेवरून खूण करतं. १९८१ च्या आयबीएम पीसीत अशा आठ तारा होत्या. १९८४ च्या एटी यंत्रात आणखी आठ आल्या, पण दोन संच एकमेकांना जोडण्यात एक तार खर्ची पडली, म्हणून उरल्या पंधरा. त्यातली शून्य नंबरची घड्याळाला, एक कीबोर्डला, सहा फ्लॉपीला, सात प्रिंटरला, आठ दुसऱ्या घड्याळाला, तेरा गणिती प्रोसेसरला, चौदा आणि पंधरा डिस्कला. तीन आणि चार सीरियल पोर्टना. मोकळ्या म्हणाव्यात अशा चार-पाचच.

"तुले मीटरगेज आठवते का?" मामांनी विचारलं.

"पुसट."

"एकेरी लाईन होती. अशा लाईनवर ड्रायव्हरच्या हातात गोळा असल्याबिगर गाडी स्टेशन सोडत नव्हती. दोन स्टेशनांमधात गोळा एकच निघे. दोन गाड्यांपाशी एकच गोळा असला तर काय होईन?"

भाच्याला हे पुस्तकातून माहीत होतं, पण असं नाही. त्यानं त्यात आपली भर घातली. जुनी आयसा कार्डं तार वाटून घेऊ शकत नाहीत, पीसीआय कार्डं घेऊ शकतात. १९९३ मध्ये प्लग अँड प्लेचा करार झाला आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ नं तो घराघरांत नेला. तेव्हापासून नवी कार्डं यंत्राला स्वतःची ओळख सांगतात आणि बायॉस त्यांना मोकळी तार देतो. मामांचं साउंड कार्ड त्याच्याही आधीचं, कोणाकडून तरी जुनं घेतलेलं. त्यावर जंपर होते: दोन पिनांवर बसवायच्या नखाएवढ्या टोप्या. टोपी जिथं बसवली ती तार त्या कार्डाची, आणि ते कार्ड याबद्दल कोणाला काहीही सांगत नाही. बायॉसला वाटलं पाच नंबर मोकळा आहे. त्यानं तो लॅन कार्डाला देऊन टाकला.

"पण मग इतकी वर्षं काहीच का नाही झालं? मोडेम होता ना तुमच्याकडे?"

मामांनी उत्तर दिलं नाही. कॅबिनेटचं बाजूचं पान काढून त्यांनी उजेडाकडे धरलं. आतल्या बाजूला पिवळा पडलेला कागद चिकटवला होता. पेन्सिलीनं, घाईच्या पण स्वच्छ अक्षरात: साउंड पाच, मोडेम दहा, प्रिंटर सात साधा, बायॉसमध्ये पाच आणि दहा लेगसी आयसा.

लिहिणारा अकोल्याच्या दुकानातला मुलगा. मामांना त्याचं नाव आठवत नाही, चेहरा आठवतो. यंत्र पोहोचवायला तो स्वतः गाडीनं जऊळक्याला आला होता. आधी त्यानं मोडेम तिसऱ्या सीरियल पोर्टच्या पत्त्यावर ठेवला, आणि तिसरं पोर्ट रिवाजानं पहिल्याचीच चार नंबरची तार वापरतं. पहिल्यावर माउस होता. फोन लागला की माउस जागच्या जागी थिजायचा. दुपार त्यात गेली. संध्याकाळच्या गाडीआधी त्यानं मोडेमची टोपी दहावर सरकवली, बायॉसमध्ये पाच आणि दहा हे दोन नंबर जुन्या कार्डांसाठी राखून ठेवले आणि जाताना हा कागद चिकटवला.

त्याची राखीव जागांची नोंद बॅटरीबरोबर पुसली गेली होती. कागद राहिला.

भाच्यानं बायॉस उघडला, पीएनपी-पीसीआयच्या पानावर गेला, पाच आणि दहा 'लेगसी आयसा' केले. लॅन कार्डाला अकरा नंबर मिळाला. विंडोज विनातक्रार सुरू झालं. दोन मिनिटं लागली. साउंड कार्ड काढलं असतं तरी काम झालंच असतं, हे त्यानं बोलून दाखवलं, आणि ते खरंही होतं. तरी काढायला लागणाऱ्या वेळात ठेवता येत असेल तर ठेवावं, हे मामांचं म्हणणं या लेखकाला जास्त पटतं. वस्तू अडली की आधी उपटायची, ही घाई पुढे माणसाला अडणं म्हणजे काय तेच समजू देत नाही.

दुपारी मात्र भाच्याची बाजू वर आली.

डिस्कची टिकटिक वाढली होती. फायली बाहेर काढायला दोन-तीन दिवस लागणार, तोवर ही टिकणार नाही. भाच्याच्या पिशवीत एक ४० जीबीची जुनी डिस्क होती. प्रतिमा तिच्यावर उतरवली, जोडली, आणि यंत्र डिस्क ओळखायच्या ओळीवरच गोठलं. बायॉसच्या पानावरही जाता येईना.

"बिघडली?" मामांनी विचारलं.

"नाही. जास्त मोठी आहे."

पीसीच्या इतिहासात डिस्कच्या आकाराच्या भिंती एकामागून एक येत गेल्या, आणि प्रत्येक भिंत कोणीतरी खूप वर्षांपूर्वी 'एवढं पुरे' म्हणून सोडलेल्या आकड्यांच्या जागेची होती. बायॉसच्या जुन्या पद्धतीत सिलिंडरला १,०२४ पर्यंत जागा, डिस्कच्या पद्धतीत हेडना १६ पर्यंत, सेक्टर ६३. दोघांतला लहान आकडा धरून गुणाकार केला आणि सेक्टरच्या ५१२ बाइटनी गुणलं की येतात ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. ५२८ एमबीची ही पहिली मोठी भिंत. पुढे २.१ जीबीला एक, ८.४ जीबीला एक. मग काही बायॉसमध्ये सिलिंडरांची संख्या ६५,५३५ च्या पुढे गेली की हिशेबच कोलमडायचा. ती भिंत ३३.८ जीबीची. १९९९ च्या मध्याआधीच्या कित्येक बोर्डांवर मोठी डिस्क लावली की यंत्र असंच मुकं होतं. त्यापुढची १३७ जीबीची, अठ्ठावीस बिटांच्या पत्त्यामुळे. आणि त्याही पुढची २.२ टीबीची, जी ओलांडायला डिस्कच्या विभागणीचा जुना तक्ताच बदलावा लागला.

"म्हनजे बायॉस नवा टाकायचा?"

"टाकता येईल. बोर्डाच्या नावानं शोधलं तर फाईल मिळेल. नवी आज्ञावली चिपमध्ये भरायची, दोन मिनिटांचं काम."

"अन् त्या दोन मिनिटांत लाईन गेली तं?"

वऱ्हाडात वीज जात नाही, लाईन जाते. दिवाळीच्या त्या दुपारीच ती दोनदा गेली होती. बायॉस भरताना वीज गेली तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी चिप उरते, आणि असं यंत्र पुढच्या वेळी पहिला श्वासही घेत नाही. १९९८ च्या सीआयएच विषाणूनं नेमकं हेच केलं होतं. २६ एप्रिल १९९९ ला तो जागा झाला तेव्हा त्यानं डिस्कबरोबर काही बोर्डांचा बायॉसही खरवडून टाकला, आणि आशियातल्या असंख्य यंत्रांचे बोर्ड एका दिवसात निकामी झाले. मामांना तो दिवस आठवत होता. वर्तमानपत्रात वाचून त्यांनी त्या दिवशी यंत्राची पिनच काढून ठेवली होती.

"इन्व्हर्टरवर करू," भाचा म्हणाला.

"इन्व्हर्टरची बॅटरी मागच्या उन्हाळ्यातली हाये."

इथं मामांची भीती आणि भाच्याची हुशारी एकाच ठिकाणी येऊन टेकली. भाच्यानं हातातली डिस्क उलटी केली. मागच्या बाजूला, वायरच्या खाचेशेजारी, पिनांच्या जोड्या होत्या आणि वर छापील आकृती. त्यात एक जोडी आकार कमी सांगण्यासाठी. डिस्क बनवणाऱ्यांना ही भिंत ठाऊक होती, म्हणून त्यांनी जंपरची सोय ठेवली होती. टोपी बसवली की ४० जीबीची डिस्क स्वतःला ३३.८ जीबीच्या भिंतीच्या अलीकडची म्हणवते. वरची जागा वाया जाते, यंत्र चालतं. बायॉसला हातही लावावा लागत नाही.

"तुह्या जमान्यातही टोप्या हायेत म्हना की," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

डिस्क ओळखली गेली.

चहा पिताना बोलणं रॅमवर आलं. २००२ मध्ये मामांनी हौसेनं रॅम ३२ वरून १२८ एमबी केली होती आणि यंत्र जलद व्हायच्या ऐवजी मंद झालं होतं. दुकानदार म्हणाला विंडोज नव्यानं टाका. टाकलं. तसंच. मग ते स्वतःलाच दोष देत राहिले. शेवटी वाढीव रॅम काढून कपाटात ठेवली.

"तुमची चूक नव्हती," भाच्यानं बोर्डावरच्या चिपचा नंबर वाचून सांगितलं. "हा इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट आहे, १९९७ चा. हा २५६ एमबी रॅम घेतो, पण त्यातल्या पहिल्या ६४ एमबीलाच जलद कॅशचा आधार देतो. आणि विंडोज ९८ स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला बसवतं. म्हणजे तुम्ही जितकी रॅम वाढवली तितकं विंडोज कॅशच्या बाहेर जाऊन बसलं. ६४ ठेवली असती तर पळालं असतं."

मामा बराच वेळ कपातल्या चहाकडे पाहत राहिले. तेवीस वर्षं ते हे कोडं बाळगून होते. कोणीतरी फसवलं, असंही त्यांना कधीकधी वाटलं होतं. मग ते उठले, कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती रॅम काढली आणि भाच्याच्या हातात दिली. एकूण ६४ एमबी होईल एवढ्याच पट्ट्या बसवल्या, बाकीच्या परत गुंडाळून ठेवल्या. यंत्र खरोखर पळालं.

तरीही भाच्यानं आपला मुद्दा सोडला नाही, आणि त्यात तथ्य होतं. "मामाजी, हे जमलं कारण कुलूप आहे, कागद आहे, तुम्ही आहात. यातलं एक नसतं तर? ओव्या अशा यंत्रात ठेवणंच धोक्याचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी पुण्यात बसून महाराष्ट्रभरच्या लाखावर ओव्या जमवल्या. त्या आज लोकांना वाचता-ऐकता येतात, कारण एका यंत्रातून दुसऱ्यात नेणारं कोणीतरी दर वेळी उभं राहिलं. यंत्र जपून ओव्या जपल्या जात नाहीत. त्या हलवत राहाव्या लागतात."

"हे पटते मले. पन एक सांग. तुह्या कंपनीनं लॅपटॉप काढून टाकले म्हनत होता तू. ते कितीक जुने होते?"

"आठ वर्षं."

"बिघडले होते?"

भाच्याला नाही म्हणावं लागलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला होता, आठवड्यापूर्वीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर ठरलेल्या यादीतला लागतो. ते लॅपटॉप त्या यादीच्या बाहेरचे निघाले. त्यांच्या पडद्यांना, कळांना, डिस्कांना काहीही झालं नव्हतं.

"मग ह्या ३३ जीबीच्या भिंतीत अन् त्यात फरक काय?"

"फरक आहे. इथं मोजायला आकडे पुरले नाहीत. तिथं सुरक्षेसाठी मुद्दाम रेषा आखली."

"बरोबर. पन इथं डिस्कवाल्यानं टोपी ठेवली होती. तिथं टोपी हाये का?"

यावर भाचा म्हणाला की लिनक्स टाकता येतं, आणि त्याच्या विभागानं मागितले असते तर ते लॅपटॉप एखाद्या शाळेला देता आले असते. मागितले का, हे मामांनी विचारलं नाही. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. मामा एका बाजूनं प्रोग्राममध्ये फाईल उघडून साध्या मजकुरात साठवत, वायरीनं ती लॅपटॉपवर जाई, आणि भाचा कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घेई. पन्नासेक फायली झाल्यावर त्यानं लॅपटॉप मामांसमोर ठेवला. मजकूर वाचता येत होता. मामांनी चष्मा नीट केला आणि दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हे 'वर्हाड' काय लिहिलं?"

कन्व्हर्टरनं सगळीकडे रफार लावून टाकला होता. मराठीतला अर्धा 'ऱ', व्यंजनाच्या आधी आडवा पडलेल्या भुवईसारखा, हिंदीसाठी बनवलेल्या अवजारांना अनेकदा कळतच नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी 'ऱ' हे अक्षर हलन्त करून लिहायची सोय आहे. पण जुन्या फॉन्टमधली ती खूण कन्व्हर्टरच्या तक्त्यात नसली की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, दरी जाऊन समुद्र येतो. 'आचाऱ्यांना' वाढायला बोलावलं असेल तर तिथं 'आचार्यांना' येऊन बसतात. वऱ्हाडी ओवीत तर 'ऱ्हायली', 'तऱ्हा', 'कोऱ्या', 'वऱ्हाडी' असे शब्द पावलोपावली.

"मी तक्ता दुरुस्त करतो," भाचा म्हणाला. त्यानं केलाही. बहुतेक ठिकाणी जुनी खूण वेगळी असल्यानं शब्द सुधारले. पण काही फायलींत टाइप करतानाच घाईत रफार पडला होता, आणि तिथं यंत्राला कळायला काहीच मार्ग नव्हता. 'सूर्य' आणि 'वऱ्हाड' यांतला फरक आकड्यांत नसतो, कानात असतो.

"आईनं ही कशी म्हटली होती, ते मले ठावं हाये," मामा म्हणाले. "एकेक पाहावी लागन."

भाच्याची गाडी संध्याकाळची होती. त्यानं दोन प्रती काढल्या, एक स्वतःजवळ, एक आईच्या मोबाइलमध्ये. लॅन कार्ड यंत्रातच राहू दिलं. निघण्यापूर्वी त्यानं कॅबिनेटचं पान काढलं आणि मामांकडे पेन्सिल मागितली. जुन्या ओळींखाली लिहिलं: लॅन अकरा, डिस्कची टोपी काढू नये, रॅम ६४ च्या वर नको, बॅटरी ऑक्टोबर २०२५.

मामांनी ते वाचलं, 'डिस्कची' च्या खाली एक रेघ ओढली, आणि खुर्ची पडद्याजवळ सरकवून पुढची फाईल उघडली. अजून अडीचशे बाकी होत्या.